बोट न दाखवता

आमच्या भाषेत प्रत्येक वस्तूच्या आधी
एक इवलासा शब्द लागतो,
बोट दाखवून बोलावं तसा:
हा पूल. ही किटली. हा समुद्र,
आमच्या गल्लीच्या टोकाला
कोळशाच्या धुरामागं पडलेला.

पण कुणी खलाशी व्हायला निघालं
की लोक ते बोट खाली घेतात.
नुसतं म्हणतात, समुद्रावर गेला.
शाळेत गेला, तुरुंगात गेला,
इस्पितळात गेला, त्याच रांगेत.
म्हणजे तो लाटा बघायला गेलेला नाही,
हे सगळ्यांना आपोआप कळतं.

क्लिफर्डचं मात्र नॉर्थ शील्ड्सभर झालं
की थर्लवेलचा पोरगा समुद्रावर पळून गेला.
आई इस्त्री थांबवून म्हणायची,
"पळाला कुठं? अकरा नंबरच्या बसनं गेला.
सुटे पैसे मीच दिले.
दोन अंडी खाल्ली, आणि तिसरं मागितलं."
मिसेस पर्व्हिस मान हलवायच्या
आणि पुढच्या दारी जाऊन सांगायच्या, पळून गेला.
त्यांचं तरी काय चुकलं?
सैन्यात जातो तो भरती होतो,
खाणीत उतरतो तो बापामागं उतरतो,
बँकेत जाणाऱ्याला तर कुणी काहीच म्हणत नाही.
पळायला जागा दोनच, समुद्र आणि सर्कस,
आणि सर्कस आमच्याकडं तीन वर्षांतून एकदा यायची.

मी नऊ वर्षांची होते. मला आधीच माहीत होतं.
न्हाणीघराच्या आरशासमोर
तो आठवडाभर ते वाक्य घोकत होता.
मी समुद्रावर जातोय. मी समुद्रावर जातोय.
एकदा हसत,
एकदा बाबांसारखा आवाज काढून,
एकदा इतकं हळू
की फक्त नळानं ऐकलं असेल.

शेवटच्या घरात कथबर्ट रॉब्सन राहायचे,
बेचाळीस वर्षं जहाजांवर काढलेले.
"त्यांनी नांगर गिळलाय," लोक म्हणायचे,
म्हणजे आता ते जमिनीवरच राहणार.
चर्चमध्ये मी त्यांच्या गळ्याकडं बघत बसायचे.
नांगर वर जायचा, खाली यायचा,
प्रत्येक आमेनला अडकायचा.

आणि जे परत येत नाहीत
त्यांना बुडाले म्हणायची रीत नाही.
समुद्रात हरवले, म्हणतात.
हातमोज्यासारखे.
जणू कुणी नीट वाकून बाकाखाली बघितलंच नाही.
आयव्ही मावशी पंधरा वर्षं
नवऱ्याचा दाढीचा ब्रश खिडकीत ठेवत होती,
केस खाली करून, म्हणजे पाणी निथळेल.

माझ्याबद्दल लोक काय म्हणायचे?
"ती ना? ती घरी असते."
परवा बटाटे सोलताना लक्षात आलं,
तिथंही ते बोट नाही.
तो समुद्रावर असतो. ती घरी असते.
दोन्हीकडं कुणी काही दाखवत नाही.
पंचेचाळीस वर्षं आम्ही एकाच व्याकरणात राहिलो,
तो कधी व्हालपाराइसोला, कधी फ्रीमँटलला,
मी या सिंकपाशी,
आणि पत्रांतून एकमेकांना
हवामान तेवढं कळवत राहिलो.

आता क्लिफर्डनंही नांगर गिळलाय.
मागच्या खोलीत राहतो. पोट दुखतं म्हणतो.
डॉक्टरांना फोटोत काही सापडलं नाही.
जेवायला बसताना तो फडकं ओलं करतो,
पिळतो, प्लेटखाली पसरतो,
प्लेट घसरू नये म्हणून.
टेबल ओकचं आहे, आजोबांच्या वेळचं,
दोन माणसांना हलत नाही.
मी काही बोलले नाही.

गेल्या मंगळवारपासून
तो माझ्याही प्लेटखाली एक फडकं पसरतो.
लाकडावर पांढरे डाग पडायला लागलेत.